बॅकटेस्टचं सेटिंग कुणी बघतं का?

ट्रेडिंग सॉफ्टवेअरमधली सगळ्यात कमी उघडली जाणारी खिडकी कुठली असेल, तर बॅकटेस्टच्या सेटिंगची. चार्ट सगळेच उघडतात. इंडिकेटर तर असे लावतात की खालचा भाव दिसेनासा होतो. फॉर्म्युला कुठून तरी कॉपी-पेस्ट होतो, बॅकटेस्टचं बटण दाबलं जातं आणि हिरवी रेघ वर जाताना दिसली की स्क्रीनशॉट मित्रांच्या ग्रुपवर. त्या रेघेच्या मागे कुठले दहा-बारा आकडे आणि टिकमार्क बसलेले आहेत हे बघायला कुणी जात नाही. आणि जे जातात, ते बहुतेक वेळा रेघ अजून थोडी वर न्यायला जातात.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायची गरज नाही. :) स्ट्रॅटेजी कुठली, हा प्रश्न दुय्यम आहे. सेटिंग काय ठेवलं आणि ते निकाल बघायच्या आधी ठेवलं की नंतर, हा खरा प्रश्न. बॅकटेस्ट ही एखादी कल्पना मारून टाकण्यासाठी करायची गोष्ट आहे. कल्पना विकण्यासाठी, मग ती दुसऱ्याला असो की स्वतःला, तिचा वापर सुरू झाला की ती टेस्ट राहतच नाही.

हा विषय आज काढायचं कारण असं की आमच्याकडे सातारा-सांगली पट्ट्यात लॉकडाऊनपासून एक नवीनच जमात तयार झाली आहे. कंपनी पुण्याची, पगार पुण्याचा, आणि पोरगं घरी. कराडला, इस्लामपूरला, विट्याला, मिरजेला. सकाळी सव्वानऊला एका स्क्रीनवर स्टॅंडअप मीटिंग आणि दुसऱ्या स्क्रीनवर बँक निफ्टी. इंजिनियर असल्यामुळे ह्यांना टिप वगैरे घेणं कमीपणाचं वाटतं. ह्यांना ‘सिस्टिम’ पाहिजे असते. आणि अमीब्रोकरसारखं सॉफ्टवेअर हाताशी असलं, थोडं पायथन येत असलं, की सिस्टिम बनवणं ही एका शनिवारची गोष्ट आहे. माझा तासगावचा मामेभाऊ ह्यातलाच. हुशार आहे, मेहनती आहे, कोड माझ्यापेक्षा नीटनेटका लिहितो. त्याने मागच्या उन्हाळ्यात मला एक रिपोर्ट पाठवला आणि खाली लिहिलं, “दादा, सहा वर्षांचं टेस्ट केलंय. नोकरी सोडावी म्हणतोय. आबा बेदाण्याचे पैसे द्यायला तयार आहेत.”

आबा म्हणजे माझे मामा. द्राक्षबागायतदार. बेदाण्याचे पैसे म्हणजे वर्षभराची औषधं, खतं, मजुरी, अवकाळी पाऊस, सगळ्यातून वाचून उरलेली गोष्ट. त्यामुळे तो रिपोर्ट मी जरा नीट उघडला. रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे हो, निकाल सगळेच पाठवतात. मी म्हटलं, सेटिंगची खिडकी उघड आणि तिचा फोटो पाठव.

आता सेटिंगमध्ये असतं काय, ते थोडं सांगतो. सुरुवातीचं भांडवल. कमिशन. खरेदी-विक्री कुठल्या भावाला धरायची: ओपन, हाय, लो की क्लोज. सिग्नल आल्यावर सौदा त्याच बारला करायचा की पुढच्या, ह्याला म्हणतात ट्रेड डिले. एका वेळी जास्तीत जास्त किती पोझिशन. स्टॉपलॉस लागला तर कुठल्या भावाला बाहेर पडलो असं समजायचं. आणि अमीब्रोकरमध्ये एका कोपऱ्यात असतं की तुमचा सौदा त्या बारच्या एकूण व्हॉल्यूमच्या किती टक्क्यांपर्यंत चालेल. हा आकडा मुळात दहा टक्के असतो. भावाने तो काढून टाकला होता. का, तर म्हणे “ट्रेड कमी दिसत होते.” अरे बाबा, ट्रेड कमी दिसत होते कारण बाजारात तेवढा मालच नव्हता!

पण सगळ्यात मोठी गंमत ट्रेड डिले आणि क्लोजच्या जोडीत असते. सिग्नल क्लोजवर काढायचा, म्हणजे आजचा बंद भाव वीस दिवसांच्या सरासरीच्या वर गेला की घ्या, आणि खरेदीही आजच्याच क्लोजला धरायची, डिले शून्य. दिसायला निरुपद्रवी आहे. पण बंद भाव कळतो कधी? बाजार बंद झाल्यावर. आणि घेतला कधी? बंद व्हायच्या आधी. शिवाय आपल्या हातात जो दहा-पंधरा वर्षांचा एनएसईचा डेटा असतो, त्यातला क्लोज हा शेवटच्या सौद्याचा भाव नसून शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी आहे. म्हणजे ज्या भावाला सॉफ्टवेअर तुम्हाला माल घेऊन देतंय, त्या भावाला कदाचित एकही सौदा झालेला नसेल. ही गोष्ट फोनवर मामेभावाला समजावून सांगत होतो तेव्हा आबा मागून ऐकत होते. ते म्हणाले, “सौद्यात बेदाणा काय भावानं गेला हे संध्याकाळी कळतंय. सकाळी कुणाला ठावं असतंय?” लुक-अहेड बायसची ह्यापेक्षा सुटसुटीत व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

डिले एकचा करा, भाव दुसऱ्या दिवशीच्या ओपनचा धरा. बऱ्याच ‘सिस्टिम’ एवढ्यावरच गळपटतात. ज्या गळपटत नाहीत त्यांच्यासाठी पुढचं आहे.

पुढचं म्हणजे खर्च. इथे आपण सगळे जण शाळेत गणित शिकलेलो असूनही गणित करत नाही. “डिस्काउंट ब्रोकर आहे, ब्रोकरेज नगण्य” असं म्हणून कमिशनच्या रकान्यात शून्य टाकायचं. बरं, ब्रोकरेज सोडा. पाचशे रुपयांचा शेअर आहे. तुम्हाला स्क्रीनवर दिसलेल्या भावापेक्षा घेताना चार आणे जास्त आणि विकताना चार आणे कमी मिळाले. चार आण्याला हल्ली भिकारीपण हात लावत नाही, नाण्यातूनच गेले ते. पण पाचशेवर चार आणे म्हणजे ०.०५ टक्के, दोन्हीकडून मिळून ०.१ टक्का. दिवसाला एक सौदा धरला आणि वर्षाचे अडीचशे दिवस, तर भांडवलाच्या पंचवीस टक्के रक्कम नुसत्या चार-चार आण्यांत गेली. ह्यात अजून एसटीटी नाही. इंट्राडेमध्ये विक्रीवर ०.०२५ टक्के, म्हणजे तेवढ्याच सौद्यांवर वर्षाला सव्वासहा टक्के. डिलिव्हरी असेल तर घेताना ०.१ आणि विकताना ०.१. वर स्टॅंप ड्युटी, एक्स्चेंजचे चार्जेस, त्यावर जीएसटी. रिपोर्टमध्ये वर्षाला तीस टक्के दाखवणारी सिस्टिम प्रत्यक्षात ब्रोकर, एक्स्चेंज आणि सरकार ह्यांच्यासाठी फुकट राबणारा गडी असू शकते.

आणि खर्च काही कायम तोच राहत नाही. एसटीटी आला १ ऑक्टोबर २००४ ला. त्याआधी तो नव्हताच. २०२४ च्या ऑक्टोबरपासून फ्युचर्स-ऑप्शन्सवरचा वाढला. तुम्ही वीस वर्षांच्या डेटावर एकच कमिशनचा आकडा लावता तेव्हा तुम्ही इतिहासात होता तसा बाजार तपासत नसता, एक कल्पित बाजार तपासत असता. त्याला माझी हरकत नाही, फक्त तो कल्पित बाजार आपल्या बाजूने झुकलेला नसावा. खर्च मोजून जितका येतो त्याच्या दुप्पट टाकावा असं मी करतो. सिस्टिम तरीही जिवंत राहिली तर बोलू.

स्टॉपलॉसचं पण असंच. रोजच्या बारमध्ये आपल्याला चारच आकडे माहीत असतात. समजा ओपन १००, हाय १०६, लो ९६. तुमचा स्टॉप ९७ ला आणि टार्गेट १०५ ला. दोन्ही त्याच दिवशी लागले. आधी कुठलं लागलं? डेटाला माहीत नाही. सॉफ्टवेअरलाही माहीत नाही, ते कुठला तरी नियम लावून एक निवडतं. टार्गेट आधी निवडलं गेलं तर पाच रुपये फायदा, स्टॉप आधी तर तीन रुपये तोटा. एका सेटिंगने फायदा आणि तोटा ह्यांची अदलाबदल होते! असे बार शेकडो असतील तर सगळा निकालच त्या नियमावर उभा आहे. मी अशा वेळी नेहमी स्टॉप आधी लागला असं धरतो. आणि लोअर सर्किट? पाच टक्क्यांच्या सर्किटला लागलेल्या शेअरमध्ये घेणारा कुणी नसतो, तुमची ऑर्डर रांगेत पडून असते. सॉफ्टवेअर मात्र तुम्हाला अगदी शिस्तीत ९७ ला बाहेर काढतं. कागदावर.

आता ह्या सगळ्यावर कडी म्हणजे ऑप्टिमायझेशन. मामेभावाची सिस्टिम होती दोन सरासऱ्यांच्या छेदाची. छोटी सरासरी ५ पासून ३० दिवसांपर्यंत, एक-एकने. मोठी ३५ पासून २०० पर्यंत, पाच-पाचने. म्हणजे २६ गुणिले ३४, एकूण ८८४ जोड्या. संगणकाने त्या सगळ्या चालवल्या आणि सगळ्यात चांगली निघाली ती ह्याने घेतली. रिपोर्टमध्ये फक्त तीच. बाकीच्या ८८३ कुठे गेल्या?

एक प्रयोग मनातल्या मनात करून बघा. सांगलीत गणपती मंदिरासमोर ८८४ लोक उभे करा आणि प्रत्येकाला दहा वेळा नाणं उडवायला सांगा. दहाच्या दहा वेळा छापा पडण्याची शक्यता १०२४ मध्ये एक. पण ८८४ माणसं आहेत, त्यामुळे निदान एकाला तरी दहा छापे पडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त निघते. नऊ किंवा त्याहून जास्त छापे तर नऊ-दहा जणांना पडतील. आता त्यातल्या पहिल्या आलेल्या माणसाला हार घालून ‘हा छापा पाडण्यात तरबेज आहे’ असं म्हणून आबांचे पैसे त्याच्यावर लावायचे का? (तज्ज्ञ मंडळी म्हणतील की २० आणि २१ दिवसांच्या सरासऱ्या एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत, नाणी स्वतंत्र असतात. मान्य. त्यामुळे आकडा बदलेल, मुद्दा नाही बदलत.)

उलट त्या स्वतंत्र नसण्याचाच उपयोग करून घेता येतो. सिस्टिममध्ये खरंच काही दम असेल तर १८ आणि ९० च्या शेजारी १७ आणि ८५, १९ आणि ९५ हेसुद्धा बऱ्यापैकी चालायला पाहिजेत. पठार पाहिजे, सुळका नको. साताऱ्याच्या माणसाला हे सांगायला नको. कासला आपण पठारावर फिरतो, सुळक्यावर कुणी सतरंजी टाकून बसत नाही. भावाच्या आलेखात सुळका होता. एक पाऊल डावीकडे टाकलं की दरी.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते मात्र वेगळंच आहे, आणि ते सेटिंगच्या खिडकीत धड दिसतही नाही. टेस्ट कुठल्या शेअर्सवर केली? उत्तर ठरलेलं: “निफ्टीतल्या पन्नास.” आजच्या निफ्टीतल्या! म्हणजे २००७ साली बसून तुम्हाला माहीत होतं की आज निफ्टीत कोण असणार आहे? सत्यम तेव्हा निफ्टीत होती. ७ जानेवारी २००९ ला ते पत्र बाहेर आलं आणि एका दिवसात शेअरची तीन चतुर्थांशाहून जास्त किंमत गेली. युनिटेक निफ्टीत होती, सुझलॉन होती, रिलायन्स कम्युनिकेशन्स होती. येस बँक २०२० च्या मार्चमध्ये बाहेर पडली. आजची यादी घेऊन मागे जाणं म्हणजे वर्गातल्या पास झालेल्या पोरांनाच बोलावून शाळा किती चांगली होती हे विचारणं.

आमच्याकडचं उदाहरण तर अजून बोलकं आहे. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक, स्थापना १९३६. आमच्या गावात ‘बँक’ म्हटलं की हीच. पगार इथे, पेन्शन इथे, मुलीच्या लग्नाची एफडी इथे. खाजगी बँक होती आणि शेअरबाजारात लिस्टेड होती. २ सप्टेंबर २००६ ला तिच्यावर मोरॅटोरियम आला, खात्यातून दहा हजारांच्या वर काढता येईना, ऐन गणपतीत. महिन्याभरात, ३ ऑक्टोबरला, ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. ठेवीदारांचे पैसे वाचले. शेअरधारकांना मिळाले शेअरमागे २८ रुपये रोख, आणि विषय संपला. सांगलीची सांगली बँक १९१६ ची; ती लिस्टेड नव्हती, २००७ च्या एप्रिलमध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. आणि कुरुंदवाडची गणेश बँक २००६ मध्येच फेडरल बँकेत. दीड वर्षाच्या आत ह्या एवढ्या टापूतल्या तीन बँका नकाशावरून पुसल्या गेल्या.

आता आज कुणी ‘खाजगी बँकांचे शेअर पडले की घ्यायचे’ अशी सिस्टिम बनवतो आणि २००५ पासून टेस्ट करतो. त्याच्या डेटाबेसमध्ये एचडीएफसी बँक आहे, कोटक आहे, फेडरलसुद्धा आहे. युनायटेड वेस्टर्न? तो सिंबॉलच नाही. डेटा देणारे बहुतेक जण आज चालू असलेल्याच सिंबॉलचा इतिहास देतात. त्यामुळे संगणकाच्या दृष्टीने खाजगी बँक ही अशी चीज आहे की पडली तरी शेवटी वर येतेच. जी वर आली नाही ती त्याने बघितलेलीच नाही. साताऱ्यात पोवई नाक्यावर कुणाही साठीच्या माणसाला विचारा, तो तुम्हाला ह्या टेस्टमधली चूक दोन मिनिटांत सांगेल.

बोनसचा घोळ त्यामानाने किरकोळ, पण सांगून टाकतो. जुलै २००४ मध्ये इन्फोसिसने एकाला तीन बोनस दिला. भाव एका रात्रीत चौथ्या हिश्श्यावर. डेटा ॲडजस्ट केलेला नसेल तर तुमच्या सॉफ्टवेअरला वाटतं की इन्फोसिस पंचाहत्तर टक्के कोसळली, आणि शॉर्ट करणारी सिस्टिम त्या दिवशी जन्माचं कमवून बसते. रिपोर्टमधला सगळ्यात मोठा फायद्याचा सौदा कुठला ते आधी बघावं. दहातल्या तीन वेळा तिथेच उंदीर मेलेला सापडतो.

हळदीचंही सांगायला हवं, नाहीतर सांगलीकर रागावतील. हळदीचे वायदे एनसीडीईएक्सवर २००४ मध्ये आले. २०१० मध्ये भाव क्विंटलला सोळा हजारांच्या आसपास गेला आणि पुढच्या दोन वर्षांत चार हजारांच्या घरात आला. अशा डेटावर कुठलीही ट्रेंडवाली सिस्टिम नाचते. पण वायदा दर काही महिन्यांनी संपतो आणि सॉफ्टवेअरसाठी आपण ते तुकडे एकापुढे एक जोडतो. जुन्या पिकाचा करार संपला आणि पुढचा करार नव्या पिकाचा असला तर दोन भावांत खड्डा पडतो. तो खड्डा म्हणजे बाजाराची हालचाल नव्हे, दोन वेगळ्या वस्तूंचे दोन भाव आहेत ते. जोडलेल्या डेटात मात्र तिथे हमखास फायदा किंवा तोटा दिसतो. मार्केट यार्डात कुणी जुन्या हळदीच्या पोत्याला नव्या हळदीचं पोतं शिवत नाही, आपण एक्सेलमध्ये बिनदिक्कत शिवतो.

मग येतो मॅक्झिमम ड्रॉडाउन. वरच्या टोकापासून भांडवल जास्तीत जास्त किती घसरलं तो आकडा. मामेभावाचा होता अठरा टक्के. तो म्हणाला, “अठरा सोसंल की मी.” प्रश्न सोसण्याचा नाहीच आहे. सांगलीत २००५ चा महापूर आला तेव्हा घराघरांवर पाण्याच्या खुणा राहिल्या. त्यानंतर चौदा वर्षं लोक त्या खुणेकडे बोट दाखवून सांगायचे, पाच साली पाणी इथपर्यंत आलं होतं. कुणी त्याच्या वर एक फूट जोतं घेतलं, कुणी माळ्यावर त्याच्या वर सामान ठेवलं. अगदी शहाणपणाने, डेटा बघून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि ती खूण पाण्याखाली गेली. मॅक्झिमम ड्रॉडाउन म्हणजे ती २००५ ची खूण. आजपर्यंतचं सगळ्यात वाईट, बस. ‘ह्याच्या वर येणार नाही’ असं त्या आकड्यात कुठेही लिहिलेलं नाही. उलट तुम्ही ८८४ मधून सगळ्यात कमी ड्रॉडाउनवाली जोडी निवडलेली असेल, तर तुम्ही गावात फिरून सगळ्यात खालची खूण शोधून तिच्यावर घर बांधलं आहे.

भावाचा डेटा सुरू कुठे होत होता? एप्रिल २०२०. २३ मार्च २०२० चा दिवस, बाजार दहा टक्के पडून पाऊण तास बंद राहिला आणि निफ्टी तेरा टक्के खाली बंद झाला, तो त्याच्या टेस्टमध्ये नव्हताच. मुद्दाम नव्हे हो. तिथून पाच मिनिटांचा डेटा फुकट मिळत होता, म्हणून.

“मग काय, बॅकटेस्ट करूच नको?” हा प्रश्न त्याने चिडून विचारला आणि रास्त आहे तो. सिस्टिमच्या नावाने नाकं मुरडणारे बहुतेक लोक स्वतः चहाच्या टपरीवर ऐकलेल्या टिपवर पैसे लावत असतात, त्यांना बोलायचा हक्क नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जे आकडे काढले त्यात फ्युचर्स-ऑप्शन्स खेळणाऱ्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तीन वर्षांत तोट्यात होते, सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास. त्या ९३ टक्क्यांतल्या किती जणांनी एक जरी प्रामाणिक टेस्ट केली असेल? केली असती तर बरेचसे सुरूच झाले नसते. म्हणून तर मी म्हणतो, नकार देणं हेच टेस्टचं काम. आपण कोड लिहितो तेव्हा टेस्ट फेल झाली की टेस्टमधलीच अपेक्षित किंमत बदलून हिरवं करणाऱ्या सहकाऱ्याला काय म्हणतो? रिव्ह्यूमध्ये फाडून खातो. तेच काम रविवारी घरी बसून स्वतःच्या पैशांवर केलं की त्याला ‘फाइन ट्यूनिंग’ म्हणतात.

ज्या कंपन्या आणि क्लास अशा रेघा दाखवून पैसे घेतात त्यांच्याबद्दल काय बोलावं. अल्गो देणाऱ्या ब्रोकर्सनी मागच्या किंवा अपेक्षित परताव्याची जाहिरात करू नये असं सेबीने सप्टेंबर २०२२ मध्येच सांगितलं. ब्रोकरने सांगायचं नाही ते आपण स्वतः स्वतःला रोज रात्री सांगतो, त्याला कुठली सेबी आडवी येणार?

शिवाय बाजाराचे नियमच बदलतात. बँक निफ्टीच्या साप्ताहिक एक्स्पायरीवर किती सिस्टिम बसवलेल्या होत्या! नोव्हेंबर २०२४ मध्ये ती साप्ताहिक एक्स्पायरीच बंद झाली. निफ्टीची एक्स्पायरी गुरुवारवरून सप्टेंबर २०२५ मध्ये मंगळवारवर गेली. ‘गुरुवारी दुपारी दोननंतर’ वाली पाच वर्षांची टेस्ट आता म्युझियममध्ये ठेवायची.

मी काय करतो ते सांगतो. पटलं तर घ्या. सॉफ्टवेअर उघडायच्या आधी कागदावर लिहायचं: कल्पना काय आहे, ती का चालावी, समोरचा माणूस मला पैसे का देईल. मग सेटिंग लिहायचं, सगळं स्वतःच्या विरोधात झुकवलेलं. मग डेटातली शेवटची दोन-तीन वर्षं बाजूला काढून ठेवायची, लोणच्याच्या बरणीसारखी दादरा बांधून, हात लावायचा नाही. उरलेल्यावर काय ते खेळ करायचे आणि प्रत्येक रनची वहीत एक रेघ मारायची. ही रेघ फार महत्त्वाची. तिसऱ्या रनला सापडलेली गोष्ट आणि तीनशेव्या रनला सापडलेली गोष्ट ह्यांची किंमत एक नाही, आणि मेंदू हे तासाभरात विसरतो. सगळं झालं की बरणी एकदाच उघडायची. बरणीतला निकाल वाईट आला म्हणून सेटिंग बदलून पुन्हा बरणी उघडली, की तीही बरणी संपली. ह्या शेवटच्या पायरीवर भलेभले घसरतात कारण बरणी आपल्याच घरात असते आणि बघणारं कुणी नसतं.

मामेभावाने हे सगळं केलं. रागारागाने केलं, दोन आठवडे माझा फोन उचलला नाही, पण केलं. डिले एक, ओपनचा भाव, दुप्पट खर्च, व्हॉल्यूमची मर्यादा परत दहा टक्के, २०२० च्या आधीचा डेटा विकत घेऊन. जे उरलं ते बँकेच्या एफडीच्या थोडं वर होतं आणि ड्रॉडाउन अठरावरून बत्तीसवर गेला होता. नोकरी सध्या चालू आहे. एक-एक शेअर घेऊन तो आता ती सिस्टिम खऱ्या बाजारात चालवतोय, प्रत्येक सौद्याला कागदावरचा भाव आणि मिळालेला भाव शेजारी-शेजारी लिहून. फळछाटणीपर्यंत चालवून बघतो म्हणाला. आबांनी बेदाणा अजून कोल्ड स्टोरेजमध्येच ठेवलाय. त्याच्या सिस्टिमसाठी नव्हे. सौद्यात मनासारखा भाव निघेना म्हणून.